दोन घरचा पाहुणा आणि रात्री दीडची टर्न

प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. सहा जणांची टीम, फ्रीसिव्हचा (शहरं वसवून देश वाढवायचा संगणकावरचा खेळ) लांब पल्ल्याचा डाव, दिवसाला एक टर्न, म्हणजे चालींची एक फेरी. टीमकडे तीन देश, दर देशामागे दोघे. टर्न बदलते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) २०:०० ला, म्हणजे आपल्याकडे रात्री दीडला. चौघे भारतात, एक न्यू जर्सीत, एक मेलबर्नला. चाळीस टर्नमध्ये तीन वेळा एकेका देशाची टर्न कोरी गेली, म्हणजे कुणी खेळलंच नाही, एका शहराचं उत्पादन दोघांनी मिळून मातीत घातलं, आणि आता कॅप्टन विचारतायत की आयोजकांना सांगून टर्न ४८ तासांची करून घ्यावी का.

नका करून घेऊ. दीडशे टर्नचा डाव आज पाच महिन्यांत संपतो, तो दहा महिने चालेल आणि निम्मी टीम मध्येच गळेल. शिवाय २४ तास असताना जो माणूस तेविसाव्या तासाला उगवतो, तो ४८ तास दिल्यावर सत्तेचाळिसाव्याला उगवतो. मी गेली बारा-तेरा वर्षं असे डाव खेळतोय, त्यातले निम्मे कॅप्टन म्हणून. वेळ कमी पडला म्हणून बुडालेली टर्न मला बोटावर मोजण्याइतकीच आठवते.

तुमच्याच तीन कोऱ्या टर्न बघा. तुम्ही लिहिलंय की तिन्ही वेळा त्या देशाचे दोघेही दिवसभरात कधी ना कधी ऑनलाइन होते. एकाला वाटलं दुसरा खेळेल, दुसऱ्याला वाटलं पहिल्याने खेळून टाकली असेल. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय! इथे वेळ वाढवून काही होणार नाही, पाहुण्याचं घर एक करायला हवं.

आम्ही ते असं केलं. सम आकड्याची टर्न एकाची, विषम आकड्याची दुसऱ्याची. बास. 'आज कोण खेळतंय?' हा प्रश्नच ग्रुपवर यायचा बंद झाला. अदलाबदल चालते, पण तीही आकड्यात: '४६ तू घे, ४७ मी घेतो.' आणि समोरून 'घेतली' असा शब्द येईपर्यंत ती टर्न मूळ माणसाच्याच गळ्यात. अंगठ्याचं चित्र चालत नाही. अंगठा म्हणजे 'वाचलं', 'बरं', 'बघतो' यांपैकी काहीही असू शकतं.

वार आणि तारीख का नको, याचा एक किस्सा. एकदा मी जोडीदाराला लिहिलं, 'शुक्रवारी रात्री दीडची टर्न तू सांभाळ.' मला म्हणायचं होतं शुक्रवारची रात्र, जी दीडला शनिवार झालेली असते. त्याने घड्याळ लावून वाचलं आणि गुरुवारी रात्री जागून टर्न खेळला. शुक्रवारी दोघेही गाढ झोपलो. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळाचा मध्यरात्री, आणि रात्री दीड ही वेळ नेमकी या दोघांच्या कात्रीत सापडते. तेव्हापासून आमच्या टीममध्ये वाराचं नाव काढायला बंदी आहे. टर्नचा आकडा न्यू जर्सीतही तोच, मेलबर्नमध्येही तोच.

दुसरी गोष्ट, टीमची स्वतःची मुदत. सर्व्हरची दीडची असली तरी तुमची साडेनऊची ठेवा. यूटीसीत १६:००. भारतात जेवणं आटोपलेली असतात, न्यू जर्सीत (उन्हाळी वेळ चालू असेल तर) दुपारचे बारा वाजलेले असतात. साडेनऊच्या आत ज्याची टर्न असेल त्याने ग्रुपवर एवढंच लिहायचं: '४२ झाली.' ते आलं नाही तर न्यू जर्सीच्या गड्याने कुणालाही न विचारता, कुणाची वाट न बघता टर्न हातात घ्यायची. त्याच्याकडे जेवणाच्या सुट्टीपासून दुपारी चारपर्यंत वेळ आहे. मुळात तुमच्या टीमचा भूगोल इतका सोयीचा आहे की मला हेवा वाटतो. टर्न बदलते तेव्हा मेलबर्नला सकाळचे सहा किंवा सात वाजलेले असतात. तिथल्या तुमच्या खेळाडूने चहा पिता पिता नवीन टर्न उघडून फक्त पाहणी करायची: काय बांधून झालं, कुठे दंगल, सरहद्दीवर कोण दिसतंय. चार ओळी ग्रुपवर. भारतातले लोक संध्याकाळी ऑफिसमधून आले की त्या ओळी वाचून खेळतात, आणि न्यू जर्सी शेवटचा राखणदार. पाळी सगळ्यांची, पण जागरण एकाचंही नाही.

आता 'न विचारता हातात घ्यायची' याची तांत्रिक बाजू. पासवर्ड वाटत बसू नका. बऱ्याच ठिकाणी ते नियमातही बसत नाही. फ्रीसिव्हच्या सर्व्हरमध्ये यासाठी डेलिगेटची, म्हणजे देशाचा ताबा दुसऱ्याकडे सोपवायची, सोय आहे. देशाच्या मालकाने चॅटच्या ओळीत तिरकी रेघ देऊन 'डेलिगेट टू' आणि ज्याच्या हाती द्यायचं त्याचं खातं एवढं लिहायचं. मग तो माणूस 'डेलिगेट टेक' आणि देशाचं नाव देऊन तुमचा देश चालवायला घेतो, काम झालं की 'डेलिगेट रिस्टोर' देऊन सोडतो. मूळ मालक परत जोडला गेला तर ताबा आपोआप त्याच्याकडे येतो. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. हे गरज पडेल तेव्हा करू म्हणून ठेवू नका, कारण गरज पडते तेव्हा मालक विमानात असतो किंवा वळवाच्या पावसात त्याच्याकडची वीज गेलेली असते. आज रात्रीच सहाही जणांनी करून ठेवा, आणि एकदा रंगीत तालीम घ्या. तालमीत एक तरी माणूस देशाच्या नावाचं स्पेलिंग चुकवतो, हे मी लिहून देतो.

उत्पादनाच्या भानगडीबद्दल. तुमच्या शहरात मंदिर बांधायला साठलेल्या शील्ड (उत्पादनाचं माप) होत्या. एकाने घाबरून फॅलँक्स (बचावाचं पायदळ) लावला, दुसऱ्याने पुढच्या टर्नला 'हे काय केलं याने' म्हणत पुन्हा मंदिर लावलं. नेहमीच्या नियमसंचात इमारतीवरून युनिटवर (सैन्याची तुकडी, जहाज वगैरे) किंवा युनिटवरून इमारतीवर उडी मारली की साठलेल्यातला निम्मा हिस्सा जातो. म्हणजे समजा २४ शील्ड होत्या, तर पहिल्या उडीत १२ उरल्या, दुसऱ्या उडीत ६, मधल्या टर्नची भर वेगळी. गंमत अशी, की त्याच टर्नमध्ये चूक लक्षात येऊन परत मंदिर लावलं असतं तर एकही शील्ड गेली नसती, कारण सर्व्हर टर्नच्या सुरुवातीला काय चालू होतं ते लक्षात ठेवतो. म्हणून आमचा नियम: जोडीदाराने केलेला बदल चुकीचा वाटला तर आधी विचारा, आणि ते त्याच टर्नमध्ये विचारा. टर्न उलटली की चूक असली तरी तीच पुढे न्या. अर्धवट चूक पुरी करणं पुष्कळदा ती उलटवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

यासाठी हस्तांतराची नोंद लागते, आणि इथे बहुतेक टीम अति करतात. कुणी मोठा तक्ता बनवतं, रंग भरतं, आठवड्याभरात तो ओस पडतो. आमची नोंद चार ओळींच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरलेलं आहे. एका डावातली खरी नोंद जशीच्या तशी देतो: '६३ झाली. उत्तरेच्या बंदरात ट्रायरीम, त्यात सेटलर, ६४ ला उतरव, ६५ ला वसव. राजधानीचं उत्पादन हलवू नकोस, ग्रंथालय दोन टर्नवर आहे. खजिन्यात ११०, त्यातल्या ६० ला हात लावू नको, तटबंदी विकत घ्यायचीय.' एवढंच. (ट्रायरीम म्हणजे जहाज, सेटलर म्हणजे नवं शहर वसवणारे लोक.) काय केलं याचा इतिहास नको, तो नकाशावर दिसतोच. पुढच्याने काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे दोनच मुद्दे. त्यातही दुसरा जास्त महत्त्वाचा. एखादं युनिट रिकामं उभं दिसलं की पुढच्या माणसाचे हात शिवशिवतात, आणि ते युनिट पहाऱ्यावर मुद्दाम ठेवलेलं असतं.

निर्णय आणि बोटांचं काम वेगळं काढा, हे मला फार उशिरा कळलं. तिसाव्या टर्नला एका देशाची टर्न अर्ध्या तासात होते. शंभराव्याला वीस-पंचवीस शहरं आणि एखादं युद्ध असलं की दोन तासही पुरत नाहीत. त्या दोन तासांतच 'युद्ध करायचं का', 'राजवट बदलायची का', 'शेजाऱ्याशी तह मोडायचा का' हे वादही घालत बसलात तर रात्रीचा दीड वाजणारच. मोठा प्रश्न एक टर्न आधी ग्रुपवर टाकायचा. टर्न बदलल्यापासून बारा तास बोलायला मोकळे, म्हणजे भारतात दुपारी दीडपर्यंत. त्यानंतर मौन म्हणजे संमती. मग जो खेळायला बसेल त्याने ठरलंय ते करायचं. त्याला ऐनवेळी नवीन कल्पना सुचली तर ती पुढच्या टर्नसाठी. याला एकच अपवाद, शत्रू दारात उभा असेल तर. तेव्हा खेळणाऱ्याला पूर्ण मुभा, आणि नंतर त्याला कुणी बोल लावायचा नाही. ही शेवटची अट पाळली नाही तर लोक संकटाच्या वेळी टर्न घ्यायलाच कचरतात.

आता युद्ध. तुम्ही ते विचारलेलं नाही, पण चाळीस टर्न झाल्या म्हणजे फार दूर नाही, आणि डेडलाइनचा खरा खेळ तिथेच आहे. या डावात सगळे एकाच वेळी खेळतात, पाळीपाळीने नाही. म्हणजे एखादा पठ्ठ्या १:२९ ला घोडेस्वार पुढे सरकवतो आणि १:३० ला टर्न बदलली की लगेच पुन्हा सरकवतो. घोडेस्वाराच्या दोन चाली. साध्या मैदानावर दोन मिनिटांत चार घरं, रस्ता असेल तर बारा घरं, कारण रस्त्यावर एका चालीत तीन घरं जाता येतात. तुम्ही झोपायला गेलात तेव्हा तो नकाशाच्या कडेला होता, उठलात तेव्हा शहर त्याचं. यालाच आम्ही डबल मूव्ह म्हणतो.

यावर सर्व्हरमध्ये इलाज आहे, युनिटवेटटाइम नावाची सेटिंग. एखादं युनिट हललं की टर्न बदलली तरी ठरावीक वेळ गेल्याशिवाय त्याला पुन्हा हलता येत नाही. ही वेळ सेकंदांत दिलेली असते. दहा तास असेल तर ३६,०००. तुमच्या डावात ती किती आहे ते बघून सगळ्यांना सांगा, कारण तिची दुसरी बाजू तुमच्या अंगावर येऊ शकते. दहा तासांचा नियम असेल आणि तुमचा माणूस टर्नच्या शेवटच्या घटकेला, रात्री एकला, सैन्य हलवत असेल, तर ते सैन्य सकाळी अकरापर्यंत जागचं हलणार नाही. मेलबर्नच्या खेळाडूला सकाळी धोका दिसला तरी ती हात बांधून बसलेली. म्हणून साडेनऊच्या मुदतीनंतर सैनिकी युनिट शक्यतो हलवायचं नाही. सेटिंग बंद असेल तर मात्र उलटा हिशोब: शत्रू एका दमात दोन टर्नची मजल मारणार असं गृहीत धरून पहारे बसवा. फक्त शहरात नाही, शहराच्या बाहेरच्या टेकडीवरही. आणि तुम्ही स्वतः डबल मूव्ह मारायचा की नाही? नियमात असेल तर मी मारतो. सभ्यपणाच्या गप्पा डाव सुरू व्हायच्या आधी सगळ्या टीमनी मिळून करायच्या असतात.

हे बघताना आणखी दोन सेटिंग तपासा, फिक्स्डलेंग्थ आणि टर्नब्लॉक. मोठ्या सार्वजनिक डावांत आयोजक त्या नीट लावतात, मित्रामित्रांच्या डावात हमखास राहून जातात. फिक्स्डलेंग्थ चालू असेल तर सगळ्यांनी 'टर्न डन' दाबलं तरी टर्न वेळेवरच बदलते. दोन्ही बंद असतील तर सर्व्हर फक्त त्या क्षणी जोडलेल्या माणसांची वाट बघतो. दुपारी दोघेच जोडलेले असले आणि दोघांनीही सवयीने ते बटण दाबलं, तर उरलेल्या सगळ्या जगाची टर्न तिथल्या तिथे संपली! आमच्या एका डावात हे रविवारी दुपारी घडलं. शिव्या अजून ऐकतोय.

टर्न कोरी गेली तरी देश उपाशी मरू नये याची तजवीज हाही मुदत सांभाळण्याचाच भाग आहे. प्रत्येक शहराच्या वर्कलिस्टमध्ये (एकामागून एक काय बांधायचं त्याची यादी) किमान चार-पाच गोष्टी. संशोधनाला एकच पायरी न देता लांबचं ध्येय. लांब जाणाऱ्या युनिटला रोज हाताने चालवण्यापेक्षा गोटूची आज्ञा, म्हणजे ठिकाण दिलं की ते आपणहून जातं. शहर वाढलं की नवा नागरिक नाराज निघू शकतो, आणि दंगल झाली की कर, उत्पादन, विज्ञान सगळं ठप्प. लोकशाही असेल आणि दंगल दोन टर्नपेक्षा जास्त चालली तर सरकारच कोसळतं. म्हणून वाढायच्या बेतातल्या शहरात चैनीचा दर (लोकांना खूश ठेवायला काढलेला वाटा) किंवा एखादं मंदिर आधीच. दहा दिवसांतून एकदा, आम्ही दर दहाच्या पटीतल्या टर्नला, फक्त ही घडी बसवायला जरा जास्त वेळ देतो. त्यानंतरच्या दोन टर्न कुणीच उघडल्या नाहीत तरी फार नुकसान होत नाही.

टपालाने खेळणाऱ्यांनी हे सगळं आपल्या कितीतरी आधी भोगलंय. १९५९ मध्ये बाजारात आलेला डिप्लोमसी हा खेळ १९६३ पासून टपालाने खेळला जाऊ लागला. ज्याचं पत्र वेळेत आलं नाही त्याच्या नावापुढे 'चाली आल्या नाहीत' असा शेरा, आणि त्याची सगळी सैन्यं जागच्या जागी उभी. खेळाचा निर्माता ॲलन कॅल्हॅमर पुढे अमेरिकेत टपाल वाटण्याचंच काम करायचा, हा योगायोग मला भारी आवडतो. त्या खेळात कोऱ्या टर्नचा अर्थ 'थांबा' एवढाच असतो. आपल्या खेळात शहरं मात्र खात राहतात आणि खजिना गळत राहतो, म्हणून आपल्याला वर्कलिस्ट.

मुदतवाढीबद्दल. ती मागायची तर टर्न बदलायच्या आधी मागा, आणि कारण सगळ्यांना लागू पडणारं असावं: सर्व्हर बंद होता, मोठा सण आला. एकाचं लग्न हे कारण नाही, त्याला डेलिगेट आहे. टर्न बदलून गेल्यावर 'मागची सेव्ह लावा ना', म्हणजे साठवलेला जुना डाव परत आणा, असं कधीच म्हणू नका. नवीन टर्न कुणीतरी उघडलेली असते, त्याने कुठे काय आहे ते पाहिलेलं असतं, एखादी लढाई जिंकलेली किंवा हरलेली असते. पत्ते उघडे पडल्यावर पुन्हा पिसले तरी बघितलेलं विसरता येत नाही.

रजाही टर्नच्या आकड्यांत मागवा. गणपतीत आपल्याकडचे चौघेही पाच दिवस अर्धवटच असणार, तेव्हा मेलबर्न आणि न्यू जर्सीवर भार. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, तेव्हा उलट. जो सारखा गळतो त्याला ग्रुपवर झापू नका. बाजूला विचारा, आणि त्याची एक टर्न कमी करून दुसरं काम द्या. आमचा असाच एक भिडू आता फक्त तहांची पत्रं लिहितो. खेळत होता त्यापेक्षा लिहितो झकास.

आयोजक कदाचित २३ तासांची टर्न सुचवतील. त्यात मुदत रोज एक तास अलीकडे सरकते आणि २४ टर्नमध्ये, म्हणजे २३ दिवसांत, घड्याळाला पूर्ण फेरी मारते. जगभर पसरलेल्या अनोळखी खेळाडूंसाठी तो न्याय आहे, रात्रीची मुदत प्रत्येकाच्या वाट्याला सारखी येते. पण तुमची साखळी आत्ता छान बसतेय, ती रोज मोडून पुन्हा जुळवावी लागेल. मी असतो तर २४ वरच राहिलो असतो.

राहिलं घड्याळ. सर्व्हर यूटीसीवर चालतो, भारताचं घड्याळ वर्षभर तेच, पण अमेरिकेचं हलतं. आमच्या तिकडच्या गड्याच्या डोक्यात 'दुपारी चारला टर्न बदलते' हे पक्कं बसलं होतं. नोव्हेंबरात एका रविवारी तो साडेतीनला निवांत बसला, नकाशा उघडला, आणि टर्न अर्ध्या तासापूर्वीच बदलून गेलेली. त्याच टर्नला आम्ही बेटावरचं शहर गमावलं. तेव्हा तुमच्या गड्याला नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारची आठवण शनिवारीच द्या: पहाटे दोनला त्याचं घड्याळ एक तास मागे जाईल आणि टर्न चारला नाही, तीनला बदलेल. जेवणाच्या सुट्टीत बारा वाजता ग्रुप उघडायची सवयही त्या दिवसापासून अकरावर आणायला सांगा.